काकांच्या गाडीतलं ऑडिओचं वायरिंग रिलेवर घेताना: कामाच्या नोंदी

१ नोव्हेंबर, शनिवार

गाडी काकांची. बारा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, मुक्काम पुण्यातल्या विठ्ठलवाडीच्या सोसायटीचं पार्किंग. तक्रारी दोन. गाडी काही दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते आणि सेल्फ लागत नाही. दुसरी म्हणजे गाणी मोठ्यानं लावून मागच्या सीटचे दोन्ही स्क्रीन चालू केले, की डॅशबोर्डमधला अँड्रॉइड सेट मध्येच बंद पडतो आणि आपोआप परत सुरू होतो. "बॅटरी बदला" असा सल्ला काकांना मिळाला होता. बॅटरीला अजून वर्षही झालेलं नाही, त्यामुळे पैसे घालण्याआधी मल्टिमीटर लावायचं ठरलं.

आज फक्त मोजमाप. इंजिन बंद, चावी ॲक्सेसरीवर (इंजिन न लावता सेट चालतो त्या जागी), आणि सगळं चालू: सेट, दोन स्क्रीन, मोबाइलचा चार्जर, डॅशकॅम. डीसी क्लॅम्प मीटरनं एकूण करंट ९ ॲम्पिअरच्या आसपास आला. बॅटरीच्या टोकांवर १२.४ व्होल्ट आणि सेटच्या पाठीमागच्या कप्लरवर (वायरींच्या प्लगवर) ११.० व्होल्ट. म्हणजे वाटेतच १.४ व्होल्ट गायब. गाण्यात ढोलाचा ठोका आला की आकडा अजून खाली जायचा, आणि त्याच क्षणी सेट मान टाकायचा. बॅटरीचा यात काही दोष नाही.

आता हे १.४ व्होल्ट नक्की कुठे जातात ते शोधायचं. पद्धत सोपी आहे. सगळं चालू ठेवून मल्टिमीटरची एक तार वायरच्या तुकड्याच्या या टोकाला लावायची आणि दुसरी त्या टोकाला. जो आकडा दिसेल तो त्या तुकड्यात वाया जाणारा व्होल्टेज. नुसता रेझिस्टन्स मोजून हे कळत नाही, कारण साधा मल्टिमीटर इतक्या कमी ओहमला नीट वाचत नाही. लोडखाली, म्हणजे करंट वाहत असताना, मोजायला हवं.

इग्निशन स्विचच्या आत ०.३. गाडीच्या मूळ बारीक वायरीत ०.४. सेटच्या अर्थच्या जागी, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे परत जातो त्या जोडात, ०.२५. आणि लायटर सॉकेटच्या मागे केलेल्या एकाच जोडात ०.४५! तो जोड उघडला. दोन वायरी सोलून, एकमेकींना पीळ देऊन वरून काळी टेप गुंडाळलेली. टेपचा गोंद वितळून बोटांना चिकटत होता आणि आतलं तांबं काळंतपकिरी पडलं होतं. ०.४५ व्होल्ट गुणिले ९ ॲम्पिअर म्हणजे ४ वॅट. मोबाइलच्या निम्म्या आकाराच्या बंद कोपऱ्यात, प्लॅस्टिकला खेटून, गाडी चालू असेपर्यंत सतत ४ वॅट उष्णता.

आणि हे थांबवणारा फ्यूज? जिथे निळा १५ ॲम्पिअरचा हवा तिथे हिरवा ३० चा खोचलेला. निळा वारंवार उडत असणार म्हणून कुणीतरी मोठा घातला. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. वायर तेवढीच ठेवून फ्यूज दुप्पट केला तर शॉर्ट झाल्यावर आधी वायर जळते. तो तिथल्या तिथे काढला आणि काकांना मागचे स्क्रीन काम होईपर्यंत बंद ठेवायला सांगितलं.

२ नोव्हेंबर, रविवार

बॅटरी उतरण्याचा शोध. १० नंबरच्या पान्यानं बॅटरीची मायनस तार सैल करून मल्टिमीटर मध्ये घातला, १० ॲम्पिअरच्या रेंजवर. गाडी लॉक केली आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबले. हे करताना चावी फिरवायची नाही आणि सेल्फ तर मुळीच मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जातो.

आकडा स्थिरावला ३१० मिलिॲम्पिअरवर. उभ्या गाडीला ५० च्या खाली असावा. ०.३१ ॲम्पिअर चोवीस तास म्हणजे साधारण साडेसात ॲम्पिअर-तास. काकांची बॅटरी ३५ ॲम्पिअर-तासांची, म्हणजे अडीच दिवसांत निम्मी रिकामी.

एकेक फ्यूज काढत गेले. सीटखालच्या सबवूफरच्या ॲम्प्लिफायरचा फ्यूज काढल्याबरोबर आकडा २४ वर आला. ॲम्प्लिफायरची रिमोटची वायर, म्हणजे "आता जागा हो" असं सांगणारी वायर, त्याच्याच कायम चालू असलेल्या प्लसला जोडून ठेवली होती. बिचारा ॲम्प्लिफायर रात्रंदिवस जागा. अजून एक गोष्ट दिसली: त्याच्या जाड पॉवर वायरचा ३० ॲम्पिअरचा फ्यूज सीटखाली, ॲम्प्लिफायरच्या शेजारी बसवला आहे. बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर बिनसंरक्षणाची. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि गाडीच्या आतल्या भागामधल्या, पत्र्याला कुठे घासली असती तर तिला अडवणारं काहीच नव्हतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

रात्री आराखडा काढला. रिले म्हणजे कॉइलमधल्या छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. या सगळ्या कामाचं सूत्र एवढंच आहे की स्विचनं हुकूम द्यायचा आणि करंट रिलेनं वाहायचा. इग्निशन स्विच, डॅशबोर्डवरचं छोटं बटण, सेटची निळी-पांढरी वायर (ॲम्प्लिफायरला जागं करणारी), यांच्यातून रिलेच्या कॉइलपुरता करंट जावा. हातातल्या रिलेची कॉइल मोजली तर ८८ ओहम आहे, म्हणजे १४० मिलिॲम्पिअर. मघाच्या ९ ॲम्पिअरपुढे हे काहीच नाही.

पिनांचे आकडे पाठ करून टाकावेत, कारण रिलेच्या पोटावर छापलेले अंधारात दिसत नाहीत. ३० वर बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर. ८७ वरून लोडकडे. ८५ आणि ८६ कॉइलचे, त्यात ८६ ला हुकमाचा प्लस आणि ८५ ला अर्थ. पाच पिनांच्या रिलेत मधोमध ८७ए असतो आणि तो रिले बंद असताना चालू असतो. चुकून लोड त्याच्यावर गेला तर चावी काढल्यावर स्क्रीन लागतात. म्हणून चार पिनांचेच घ्यायचे ठरवले.

रिले दोन. पहिला स्क्रीन, चार्जर आणि डॅशकॅमसाठी. दुसरा ॲम्प्लिफायरच्या रिमोटसाठी आणि त्याच्याजवळ बसवायच्या छोट्या पंख्यासाठी. कुणी विचारेल की रिमोटच्या वायरीला रिले कशाला, ती तर काही मिलिॲम्पिअरच घेते. नुसता ॲम्प्लिफायर असता तर खरोखरच नको होता. पण पंखा २०० मिलिॲम्पिअर घेतो, सुरू होताना त्याहून जास्त, आणि या सेटच्या निळ्या-पांढऱ्या वायरची मर्यादा त्याच्या पुस्तिकेत ३०० दिली आहे. त्या वायरीतून पंखा चालवून सेटचं आतलं आउटपुट गेलं तर सेटच खोलावा लागेल.

सेटच्या पिवळ्या वायरीला, म्हणजे कायमच्या प्लसला, रिले लावायचा नाही. ती फ्यूजमधून थेट बॅटरीवर. जुन्या वायरिंगमध्ये पिवळी आणि लाल (चावीबरोबर सेट चालू करणारी) एकत्र जोडून ॲक्सेसरीवर टाकल्या होत्या, त्यामुळे चावी काढली की सेट घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं विसरायचा. काका दर वेळी वेळ लावत बसायचे आणि त्यांना वाटायचं की सेटच हलका आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

खरेदी. आधी बुधवार पेठेत तापकीर गल्ली (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार), मग नाना पेठ (गाड्यांचे सुटे भाग). गाडी न्यायच्या भानगडीत पडू नये, पार्किंगसाठी फिरण्यातच दुपार जाते.

वायर ४ चौरस मिलिमीटरची हवी होती. पहिल्या दुकानात "कार ऑडिओची स्पेशल" म्हणून लालभडक, चांगली जाड वायर दाखवली. भाव तांब्याच्या मानानं फारच कमी. टोक सोलून एक तार ब्लेडनं खरवडली, तर आतून पांढरी निघाली. वरून तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि थिंबलमध्ये (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोपीत) दाबल्यावर काही महिन्यांनी जोड सैल पडतो. जो त्रास काढायला निघालो तोच पुन्हा विकत घेण्यात अर्थ नव्हता. दुकानदारांना ती तार दाखवली तर ते म्हणाले, "ताई, सगळे हीच नेतात." नेत असतीलही. शेजारच्या दुकानात शुद्ध तांब्याची बारीक तारांची वायर ८५ रुपये मीटरनं मिळाली, ५ मीटर घेतली.

रिले दोन प्रकारचे घेतले. ९० रुपयांचे दोन, ज्यांच्यावर ४० ॲम्पिअर लिहिलंय पण बनवणाऱ्याचं नाव नाही. आणि नाना पेठेतून एका नावाजलेल्या कंपनीचे दोन, बेससकट (रिले खोचायच्या सॉकेटसकट) २६० रुपयांना एक. त्यांच्यावरही ४०. फरक किती पडतो ते मोजायचंच होतं.

बाकी: चार खणांचा फ्यूजबॉक्स ३५० रुपये, थिंबल, स्लीव्ह, फ्लेक्झिबल पाइप आणि झिप टाय मिळून १८०, एक रॉकर स्विच ६०. क्रिम्पिंगची पकड ६५० ला पडली. साध्या पकडीनं थिंबल चेपून भागत नाही, हे काल परवा उघडलेल्या जोडांनी पुरेसं दाखवलंय.

९ नोव्हेंबर, रविवार

गाडीत घालण्याआधी रिलेची परीक्षा घरीच, टेबलावर. लोड म्हणून जुने हेडलाइटचे बल्ब. ६०/५५ वॅटचे दोन बल्ब समांतर जोडले की बॅटरीवर ९ ॲम्पिअरच्या जवळपास करंट जातो. असा बल्ब कोणत्याही गॅरेजमध्ये मिळतो. एक फिलामेंट गेलेलं असलं तरी दुसरं कामाला येतं. एवढंच की तो भाजतो, लाकडावर किंवा टेबलक्लॉथवर ठेवू नये.

मल्टिमीटर ३० आणि ८७ च्या मध्ये. बिननावाच्या रिलेत १९० मिलिव्होल्ट, दुसऱ्यात २१०. नावाजलेल्या दोन्हींत ४० च्या आसपास. दहा मिनिटांनी स्वस्त रिलेच्या पिनांना हात लावला तर चटका बसला. एक खोलून पाहिला. आतल्या संपर्काची चकती मसुराच्या डाळीएवढी, आणि तिला धरणारी पट्टी पत्र्यासारखी पातळ. त्याच्यावर ४० ॲम्पिअर छापायला कुणी अडवलेलं नाही. १८० रुपये वाया, पण हे डॅशबोर्ड बंद केल्यावर कळण्यापेक्षा बरं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. चांगला रिलेही कोमट लागतो. कॉइलच जवळपास २ वॅट घेते, लोड असो वा नसो. तेव्हा नुसता डबा गरम लागला म्हणून रिले फेकू नये. पिना गरम लागल्या, किंवा ३० आणि ८७ मधला आकडा चढला, तर बदलावा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज मुख्य वायर टाकली. आधी बॅटरीची मायनस काढली. स्टिअरिंगखाली पिवळ्या आवरणातल्या वायरी आणि पिवळा कप्लर दिसला, तर तो एअरबॅगचा असतो. त्याला हात लावायचा नाही, त्याच्या वायरीवर मल्टिमीटरही नाही.

फायरवॉलमधून वायर आत घेण्यात सकाळ गेली. नवीन भोक पाडायचं नव्हतं, पुढे गंज धरतो. क्लचच्या बाजूला गाडीच्या मूळ हार्नेसचा, म्हणजे वायरींच्या जुडग्याचा, मोठा रबरी ग्रोमेट (भोकातलं रबरी बूच) आहे. त्याला साबणाचं पाणी लावून सायकलचा स्पोक आरपार घातला, त्याच्या टोकाला वायर टेपनं बांधली आणि आतून काकांनी ओढली. "आली, आली... थांब गं, अडकली," असं करत करत वायर एकदाची पॅडलजवळ उतरली. बॉनेटमधल्या भागावर फ्लेक्झिबल पाइप चढवला.

बॅटरीपासून वीतभर अंतरावर २० ॲम्पिअरचा पिवळा फ्यूज बसवला. सबवूफरच्या वायरीचा ३० चा फ्यूजही सीटखालून उचलून त्याच्या शेजारी आणला.

अर्थची जागा मिळवायला वेळ लागला. डॅशबोर्डमागच्या पत्र्यावर एक सोयीचा बोल्ट होता, जुन्या सेटचा अर्थ तिथेच होता. बल्ब लावून मोजलं तर बॅटरीच्या मायनसपासून तिथपर्यंत ०.२२ व्होल्ट. तो बोल्ट डॅशबोर्डच्या आडव्या ब्रॅकेटवर आहे आणि ब्रॅकेट रंगावरून बॉडीला जोडलेला. पॉलिशपेपर मारून ०.१६ पर्यंत आलं, त्याच्या खाली काही जाईना. शेवटी डाव्या बाजूच्या किक पॅनेलमागे (पायाजवळच्या बाजूच्या प्लॅस्टिकमागे), दाराच्या खांबाच्या पत्र्यावर कंपनीचाच अर्थचा बोल्ट सापडला. रंग घासून पत्रा चकाकेपर्यंत साफ केला, दातेरी वॉशर घातला, घट्ट आवळून वरून व्हॅसलीन. ०.०३. सगळ्या ॲक्सेसरींचा अर्थ आता याच एका बोल्टावर.

१६ नोव्हेंबर, रविवार

फ्यूजबॉक्स आणि दोन्ही रिले ग्लोव्हबॉक्सच्या मागे बसवले, पिना खाली करून, म्हणजे एसीचा ओलावा कधी ठिबकलाच तर बेसमध्ये साचणार नाही. सेटच्या पिवळ्या वायरीला १० ॲम्पिअर, पहिल्या रिलेपुढे स्क्रीनना ५ आणि चार्जर-डॅशकॅमला ५, दुसऱ्या रिलेला ५. प्रत्येक फ्यूजखाली पांढऱ्या टेपवर मराठीत नाव लिहिलं. उद्या काकांना रस्त्यात फ्यूज बदलावा लागला तर त्यांना वाचता आलं पाहिजे.

पहिल्या रिलेचा हुकूम आधी सरळ ॲक्सेसरीवर दिला. चालला, पण सेल्फ मारताना बहुतेक गाड्यांत असते तशी इथेही ॲक्सेसरी क्षणभर तुटते. रिले सुटतो आणि मागचे स्क्रीन पहिल्यापासून सुरू होतात. मोठा कपॅसिटर लावून कॉइल सेकंदभर धरून ठेवता येते. गणित केलं तर १०,००० मायक्रोफॅरडचा डबा लागतो, शिवाय तो ॲक्सेसरीच्या लाइनला उलटा करंट देऊ नये म्हणून डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा). एवढा खटाटोप करण्यापेक्षा ॲक्सेसरी आणि ८६ यांच्यामध्ये रॉकर स्विच घातला, डॅशबोर्डवर काकूंच्या हाताशी. आधी गाडी चालू करायची, मग स्क्रीन लावायचे. १४० मिलिॲम्पिअरसाठी साठ रुपयांचा स्विच जन्मभर पुरेल. काकूंना तो भलताच आवडला. "म्हणजे जेवायला थांबायच्या आधी मीच बंद करायचं ना?" नातवंडांशी वाद घालायची गरज उरली नाही.

दुपारी नवीन त्रास. स्विच बंद केला की सबवूफरमधून 'धप्प'. प्रत्येक वेळी. कॉइलचा करंट अचानक तुटला की तिच्या टोकांवर उलट दिशेचा मोठा व्होल्टेज उसळतो, कधी शंभराच्याही वर. तोच आवाजात येत होता, आणि तोच हळूहळू स्विचचे संपर्कही खातो. उपाय दोन रुपयांचा: ४००७ नंबरचा डायोड कॉइलवर आडवा, पट्टीची बाजू ८६ कडे. उलटा लावला तर तो थेट शॉर्ट होतो. दोन्ही बेसमध्ये मागून बसवले, वर स्लीव्ह. आवाज गेला. काही रिलेंत हा डायोड आतच असतो, तसा असेल तर ८५ आणि ८६ ची अदलाबदल चालत नाही. रिलेवरच्या आकृतीत बघून घ्यावं.

पुन्हा सगळं चालू करून मोजलं, पहिल्या दिवसाइतकाच लोड. बॅटरीवर १२.४, सेटमागे १२.१५. १.४ चा तोटा ०.२५ वर आला. ढोल वाजले, सेट हलला नाही. उभ्या गाडीचा करंट २६ मिलिॲम्पिअर.

सेटच्या पोपटी वायरीबद्दल काका म्हणाले, "ती सगळे अर्थला लावतात गं, म्हणजे पुढंही पिक्चर दिसतो." ती वायर हँडब्रेकच्या स्विचसाठी आहे आणि तिथेच जोडली. चालवणाऱ्यासमोर पिक्चर चालू राहील असं वायरिंग मी कुणालाच करून देणार नाही. काका थोडा वेळ गप्प बसले आणि मग "बरोबर आहे" म्हणाले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

रिव्हर्स कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे पट्टे सरकत होते, इंजिन चालू असतानाच. कॅमेऱ्याचा अर्थ डिकीच्या बिजागरीला आणि सेटचा पुढे, त्यामुळे दोन अर्थांमधला फरक व्हिडिओ वायरच्या जाळीतून वाहत होता. कॅमेऱ्याची काळी वायर डिकीतून सोडवून सेटच्या अर्थपर्यंत वेगळी आणली. प्लस रिव्हर्स लाइटवरूनच ठेवला. कॅमेरा १५० मिलिॲम्पिअर घेतो, त्याला रिलेची गरज नाही. पट्टे गेले. दाराखालचं पॅनेल काढताना एक क्लिप तुटली, तिचे २० रुपये.

३० नोव्हेंबर, रविवार

काका-काकू नातवंडांना घेऊन ताम्हिणीमार्गे गुहागरला जाऊन आले. घाटातले हादरे, खड्डे आणि समुद्राची खारी हवा, तिन्ही झालं. आज सगळे जोड परत तपासले. ॲम्प्लिफायरच्या पंख्याचं एक थिंबल हातानं ओढल्यावर निघालं, ते कापून नवीन दाबलं. अर्थचा बोल्ट ०.०३ वरच आहे. रिलेचे संपर्क ४० मिलिव्होल्टच्या आत.

खर्च: क्रिम्पिंगची पकड आणि वाया गेलेले दोन रिले सोडून साधारण १,५७० रुपये. यातली वायर आणि रिले हे दोनच खर्च कमी करू नयेत. स्विच, पाइप, फ्यूजबॉक्स स्वस्तातला चालतो.

वायरिंगचा नकाशा, प्रत्येक फ्यूज किती ॲम्पिअरचा त्यासकट, कागदावर काढून ग्लोव्हबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. सोबत ५, १०, २० आणि ३० चे जादा फ्यूज एका पिशवीत. मुद्दाम प्रत्येकाच्या आकड्याचेच ठेवलेत, म्हणजे रस्त्यात मोठा घालायची वेळ येणार नाही.